आधी तुम्ही प्या

मी सोसायटीच्या कमिटीवर आहे हे ऐकून माझ्या शाळेतल्या मैत्रिणी हसतात. लिफ्टमध्ये कुणी शिरलं की मी मोबाइल काढून त्यात बघत उभी राहते, हे त्यांना माहीत आहे. पण कमिटीला माझ्या बोलण्याची गरज नव्हती, लिहिण्याची होती. बिल्डरला इंग्रजीत पत्र लिहायचं, वीज कंपनीच्या साइटवर तक्रार टाकायची, सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सांभाळायचा. मी घरून नोकरी करते, म्हणजे मला वेळच वेळ असतो, अशी सगळ्यांची समजूत. मी ती खोडून काढली नाही. त्यासाठी बोलावं लागलं असतं.

अध्यक्ष म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या काकू. नागपूरच्या इतवारी बाजारात त्यांचं कूलरचं दुकान आहे. काका गेल्यापासून गल्ल्यावर त्याच बसतात. कूलर, पंप, खसच्या म्हणजे वाळ्याच्या ताट्या, सगळं विकतात. त्या ग्रुपवर काही लिहीत नाहीत. मला बोलावून सांगतात आणि मी टाइप करते. मी बोलले की म्हणतात, "तुह्यं मराठी बातम्यांवानी आहे वं." मला त्यांची भीती वाटायची आणि विश्वास अजिबात वाटायचा नाही. जो माणूस गिऱ्हाइकाकडे बघून पाच मिनिटांत त्याची ऐपत सांगतो, तो आपल्याकडे बघून काय काय ओळखत असेल, असं मनात यायचं. शिवाय आई म्हणायची, "तिला नगरसेवक व्हायचंय. त्याशिवाय कुणी फुकट एवढी धावपळ करतं का?"

यंदा मार्च संपता संपता काकूंनी गेटबाहेर पाणपोई लावली. ओल्या लाल कापडात गुंडाळलेले माठ, वर ग्रीन नेट, आणि बाजूला बोअरचा एक नळ भिंतीतून बाहेर काढलेला. आम्ही सगळ्यांनी माठांना झेंडूचे हार घालून फोटो काढला. तोच ग्रुपचा फोटो म्हणून मी लावला.

नळ खरं तर बाजूच्या साइटवरच्या लोकांसाठी होता. आमच्या शेजारी नवीन टॉवर उठतो आहे. त्याच्या पत्र्याच्या कुंपणाआड मजुरांच्या झोपड्या आहेत. ठेकेदाराचा टँकर येतो, पण ते पाणी बांधकामावर मारायचं. त्यात शेवाळ असतं. ते लोक सकाळ-संध्याकाळ रंगाच्या रिकाम्या बादल्या घेऊन आमच्या नळावर यायचे. हा नळ नसेल तर मोठा रस्ता ओलांडून पेट्रोल पंपापर्यंत जावं लागतं, आणि तिथलाही माणूस कधी देतो, कधी हाकलतो. मे महिन्यात नागपुरात दुपारी कुत्रंही रस्ता ओलांडत नाही.

त्यांतल्या एका बाईला मी माझ्या खिडकीतून रोज बघायची. ती माझ्याच वयाची असावी. साइटवर रेजा, म्हणजे डोक्यावरून विटा-गारा वाहणारी. पाठीशी ओढणीत बांधलेलं तान्हं बाळ. बादली भरताना ती एक हात मागे नेऊन बाळाच्या डोक्यावर ओला तळवा ठेवायची. एवढंच मला तिच्याबद्दल माहीत होतं.

मग तळमजल्यावरच्या कूलरचे पंप जाऊ लागले.

कूलर खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर असतो. मागची ताटी काढली की आतला पाणी चढवणारा पंप, मुठीएवढा, वायर तोडून खिशात घालता येतो. सकाळी उठावं तर कूलर नुसता गरम वारा फेकतोय. पहिला पंप गेला तेव्हा ग्रुपवर हळहळ झाली. दुसरा गेला तेव्हा कुणीतरी लिहिलं, पाणपोई सुरू झाल्यापासूनच हे व्हायला लागलं. त्यानंतर कुणी चोर हा शब्द वापरला नाही. "ते लोक" सुरू झालं. "ही लोकं कुठून येतात कोण जाणे." "एकाला पाणी दिलं की दहा येतात." "मुंग्या लागल्यासारखे." आणि मग तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी एक चित्र टाकलं. झुरळांची रांग, वर एक हात, हातात फवारा. खाली लिहिलं होतं: पाणी बंद, पेस्ट कंट्रोल सुरू.

हे काका कळमेश्वरच्या एका कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहेत. दिवाळीत सगळ्यांच्या दारात स्वतः फराळ नेऊन देतात. त्यांच्या चित्राखाली हसणारे चेहरे पडत गेले. त्यांत एक माझ्या बाबांचा होता. मी स्वयंपाकघरात जाऊन बघितलं, बाबा चहा पीत पेपर वाचत होते. नेहमीचेच बाबा.

मला त्या चित्रात फवाऱ्याचं जास्त वाटलं. पाणी द्यायचं की नाही, यावर दोन बाजूंनी बोलता येतं. झुरळ म्हटलं की बोलणं संपतं, औषध कुठलं एवढाच प्रश्न उरतो.

मी काकूंना जाऊन विचारलं, "डिलीट करू?"

"नको करू," त्या म्हणाल्या. "राहू दे. रविवारी सभा ठेव पार्किंगमध्ये."

मला ते पटलं नाही. चित्र जेवढं राहील तेवढं पसरेल. मला वाटलं, यांना भांडण वाढवूनच हवंय. ग्रुपवर तोपर्यंत एकाने लिहूनही टाकलं होतं, पंप चोरीला गेले तर नवे पंप कुणाच्या दुकानातून जातात तेही बघा. ते मी काकूंना दाखवलं. त्या हसल्या.

"दोन तं विकले बाप्पा. पूर्ण किमतीत."

रविवारी पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. विषय एकच, नळ बंद करायचा का. काकूंनी सुरुवातीलाच तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना म्हटलं, "भाऊ, तुमी जे ग्रुपवर टाकलं ते जरा वाचून दाखवा नं. ज्याइनं पाह्यलं नाई त्याइले समजन."

काका हसले. "अहो ते जोक होतं, वहिनी."

"मंग वाचा नं. आमीबी हासू."

ते वाचेनात. मोबाइल हातात होता, चष्मा लावलेला होता. त्यांची बायको खुर्चीच्या हाताला धरून खाली बघत बसली होती. कुणीतरी म्हणालं, जाऊ द्या हो. काकू म्हणाल्या, "जाऊ कसं देऊ. लिहाले येते अन् वाचाले येत नाई, असं कसं?"

"तुम्ही विषय बदलून राहिल्या," काका आता चिडून म्हणाले. "चोरी झाली की नाई झाली?"

"झाली."

"मग?"

"मंग चोर पकडा. माह्या दुकानातला नोकर गल्ल्यातून पैसे नेते तं मी त्याले पकडतो. सगळ्या नोकरांचं जेवण बंद नाई करत." काकू बोलताना स्वतःबद्दलही पुरुषासारखं "करतो, जातो" म्हणतात, चिडल्या की जास्तच. "उद्या चोर तिकडचाच निघाला तरी नळ चालू राहीन. हे आत्ताच सांगून ठेवतो, मंग म्हणू नका."

हे मला आवडलं. मनात आलं, हे कुणीतरी म्हणायला हवं होतं, आणि मी म्हटलं नसतं. पण लगेच दुसरंही आलं, की हे भाषण आहे, आणि भाषणं निवडणुकीला उपयोगी पडतात.

मग काकूंनी एक नियम केला. नळावर येणाऱ्या कुणावर संशय असेल तर ग्रुपवर "ते लोक" लिहायचं नाही. त्या माणसाचं नाव लिहायचं. नाव माहीत नसेल तर खाली जाऊन विचारून यायचं. "नाव इचारलं की माणूस दिसते," त्या म्हणाल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. नळ चालू राहिला. मला तो नियम इतका चांगला वाटला की मी तो मराठी आणि इंग्रजी, दोन्हींत टाइप करून टाकला.

नियमाप्रमाणे खाली कुणीच गेलं नाही. दोन दिवसांनी काकूंनी मला सांगितलं, "तू जा वं. तू सुरुवात कर."

मी संध्याकाळी गेले. ती बाई बादली भरत होती. काय बोलायचं ते मी जिन्यात पाठ केलं होतं. सवयीने मोबाइल हातात होता, उघडा. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "नमस्कार. आपलं नाव काय?"

तिने आधी मोबाइलकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काहून पाहिजे?"

मी चमकले. मी हिंदीत उत्तर येईल असं धरून चालले होते. ही तर काकूंसारखं बोलत होती.

"असंच. ओळख म्हणून."

"वळख म्हून मोबाइल लागते का?"

मी मोबाइल खाली घेतला. आता खिशात घातला तर आणखी संशय येईल असं वाटून हातातच धरून राहिले. विचारायचं म्हणून विचारलं, "तुम्ही कुठल्या?"

"तुमसरकडच्या. हेबी लिहिता?" तिने नळ बंद केला. बादली पूर्ण भरली नव्हती. "मागच्या साइटवर अशीच एक मॅडम आली होती. नाव, गाव, कोण कोण राह्यते. दुसऱ्या रोजी पोलीस. मंग ठेकेदारानं हिशोब करून हाकललं आमाले. नाव नाई सांगत मी."

ती अर्धी बादली घेऊन गेली. बाळ माझ्याकडे बघत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर कुणी आलं नाही. संध्याकाळीही नाही. त्या दुपारी मी खिडकीतून बघितलं तेव्हा तीच बाई भर उन्हात पेट्रोल पंपाच्या बाजूने येत होती, डोक्यावर बादली, पाठीवर बाळ, बाळाच्या तोंडावर ओढणी. ग्रुपवर तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी लिहिलं, "नाव विचारलं की पळाले. आता समजलं का चोर कोण?" कुणी हसणारा चेहरा टाकला नाही, कारण या वेळी सगळ्यांना ते पटलं होतं. मलाही क्षणभर पटलं. काही लपवायचं नसेल तर माणूस नाव का लपवेल? पण मग मला लिफ्टमधली मी आठवले. मी माझा नंबर कुरिअरवाल्यालासुद्धा धड देत नाही.

मी काकूंना दुकानात फोन करून सगळं सांगितलं, मोबाइलचं, पोलिसांचं, पेट्रोल पंपाचं.

"चूक झाली," त्या म्हणाल्या. "लिही ग्रुपवर. माझा नियम चुकला. नळावर कोणी कोणाले नाव इचारायचं नाई."

"असं सरळ लिहू? लोक म्हणतील..."

"म्हणू दे. अन् संध्याकाळी माह्यासंगं चाल."

मी लिहिलं. अध्यक्षांनी आपली चूक कबूल केल्याचा मेसेज आमच्या ग्रुपवर त्याआधी कधी आला नव्हता. बाबांनी मात्र मला विचारलं, "हे तिनंच लिहायला सांगितलं?" मी हो म्हटलं.

आम्ही पत्र्याच्या कुंपणाआड गेलो तेव्हा चुली पेटल्या होत्या. माणसं उठून उभी राहिली. आदराने नव्हे, सावध होऊन. काकू नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाल्या, "नाव इचाराले मी लावलं होतं. चूक माझी आहे. कोणाचं नाव कोणाकडं गेलं नाई. पाण्याले या."

कुणी हललं नाही. ती बाई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. तिने माझ्याकडे बोट केलं. "मंग इनं मोबाइलमध्ये काय लिहिलं?"

"काही नाही," मी म्हटलं.

"दाखवा."

मी माझा मोबाइल कुणाच्या हातात देत नाही. आईच्याही नाही. काकू माझ्याकडे बघत होत्या, पण त्यांनी दे म्हटलं नाही, देऊ नको असंही म्हटलं नाही. मी लॉक उघडलं, सोसायटीचा ग्रुप लावला आणि मोबाइल तिला दिला. त्यात तिचं नाव नाही हे दाखवायचं होतं. बाकी काय काय आहे याचा मी विचारच केला नाही.

तिला वाचता येत होतं की नाही, मला माहीत नाही. तिने अंगठ्याने वर सरकवत नेलं. शेजारी दुसऱ्या दोन बाया वाकल्या. आणि तिचा अंगठा थांबला.

"हे काय आहे?"

झुरळांची रांग होती. मी मनात पटापट उत्तरं जुळवत होते. हे दुसरंच काही आहे, इमारतीत झुरळं झाली होती, असं.

"हे तुमाले म्हटलं," काकू म्हणाल्या.

एक म्हातारा मजूर मागून खेकसला, "अन् तुमी पाण्याले बोलवता?"

"हाव. म्हणणारा एक आहे. हासणारे लय आहेत. अन् नळ चालू ठेवणारे बी आहेत. खोटं कायले सांगू."

त्या बाईने चित्र बोटांनी मोठं केलं. तिने झुरळांकडे बघितलं नाही. फवाऱ्याकडे बघत राहिली. मग मोबाइल मला परत दिला आणि बाळाला घेऊन आत गेली.

परतताना मी म्हटलं, "तेव्हाच डिलीट केलं असतं तर हे झालं नसतं." काकू म्हणाल्या, "डिलीट केलं असतं तं तिले माहीत नसतं. आपल्या बिल्डिंगमध्ये काय चालू आहे ते तिले माहीत पाहिजे का नाई?" मला अजूनही ठरवता येत नाही, त्यांचं बरोबर होतं की माझं. फक्त एक दिसलं, काकू फाटकाशी येऊन चपलेतली वाळू झटकत उगाचच खूप वेळ उभ्या राहिल्या.

ती बाई दुसऱ्या दिवशी सकाळी आली. एकटीच. मी खिडकीत होते. तिने नळ सोडला, ओंजळीत पाणी घेतलं आणि प्यायच्या आधी नाकाजवळ नेलं. वास घेतला. मग ते सांडून टाकलं. पुन्हा घेतलं, पुन्हा वास घेतला. बाळाच्या डोक्यावर ठेवायला नेलेला हात तिने मध्येच मागे घेतला आणि ओढणीला पुसला.

मला कळायला वेळ लागला. मग कळलं. झुरळाला काय घालतात ते तिलाही माहीत होतं.

मी धावत काकूंकडे गेले. त्या दुकानात निघाल्या होत्या, खांद्याला पर्स होती. त्यांनी ऐकून घेतलं, गेटबाहेर आल्या, पाणपोईवरचा पेला घेतला, नळाखाली धरला आणि तिच्यासमोर उभ्यानं सगळा पिऊन टाकला. पेला उलटा करून ठेवला. तिने थोडा वेळ वाट बघितली, जशी आपण दूध नासतं का बघतो. मग बादली नळाखाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी काकू पुन्हा उभ्या होत्या. तिसऱ्याही दिवशी. दुकान उघडायला उशीर व्हायचा. हळूहळू साइटवरचे बाकीचेही आले, पण आधी कुणीतरी आमच्यातलं पितं का ते बघूनच. ग्रुपवर या सगळ्याला नाटक म्हटलं गेलं. निवडणुकीचं आहे, असंही. मलाही तसं वाटायचं, कधी कधी अजूनही वाटतं. पण नाटकासाठी कुणी रोज सकाळी उपाशीपोटी पाणी पितं का, हेही मला ठरवता येत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी चित्र स्वतःच काढून टाकलं. ते का, ते विचारायला मी गेले नाही. पंप कुणी नेले, ते आजही कळलेलं नाही.

एका सकाळी काकूंना माल उतरवून घ्यायला लवकर जायचं होतं. त्यांनी मला फोन केला. "आज तू पी."

मी गेले. ती बादली घेऊन उभी होती, बाजूला इतर बाया. मी हातात मोबाइल नेला नव्हता. मी पेला भरला. इतके लोक माझ्याकडे बघताहेत याची मला सवय नाही. मी तोंडाला पेला लावला. ती माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हती, गळ्याकडे बघत होती. मी घोट गिळला. ती थांबली. मी दुसरा घोट घेतला, तिसरा घेतला, पेला रिकामा केला.

"आता?" मी विचारलं.

"अजून थोडं थांबा," ती म्हणाली.

मी थांबले. मग तिने नळ सोडला.